चाकं झाली की येतो

८ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुम्ही "बघू" म्हणता आणि ठेवून देता. कागदावर "बघू" एवढंच लिहून पाठवायला माणसाला थोडी तरी लाज वाटते, म्हणून पत्र.

मुद्द्यावर येते. तुम्ही आता एकटं राहू नये, आमच्याकडे राहायला यावं, असं तुमच्या मुलीचं म्हणणं आहे. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या मुलाचंही तेच. सोल्डरिंगचं यंत्र चालू ठेवून तुम्ही फिरायला गेलात आणि खिडकीचा पडदा जळाला, हे दोघांना कळलं आहे. कसं कळलं ते मला विचारू नका. तुमच्या शेजारणीला विचारा.

घरात एक खोली रिकामी आहे, तिथे तुमची सोय होईल, असं दोघांनी परस्पर ठरवलं आहे. त्या खोलीत सध्या माझं शिवणयंत्र, भरतकामाची चौकट आणि मी अशी तिघं असतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेली ती माझी खोली. तेव्हा रिकामी कशाला म्हणायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मी हरकत घेतलेली नाही. खोली पश्चिमेची आहे, दुपारी भट्टीसारखी तापते. समोर गॅरेज आहे, तिथे दिवसभर हॉर्न तपासतात. हे आपलं माहितीसाठी.

कधी येता ते कळवावं.

आपली,
विहीण


१६ जानेवारी

विहीणबाईंना साष्टांग नमस्कार, म्हणजे कंबर परवानगी देईल तेवढा.

पडदा जळाला हा आरोप मला मान्य नाही. पडद्याला भोक पडलं. आता त्यातून उजेड छान येतो, तोही नेमका कामाच्या जागी.

मुलांचं म्हणणं मी ऐकलं आहे. माझी ना नाही. फक्त हातात एक काम आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, मी विमानांच्या प्रतिकृती करतो. (तुम्ही एकदा त्यांना खेळणी म्हणालात. मी ते विसरलो आहे.) सध्याचं विमान जुन्या जमान्यातलं, दुपंखी, खऱ्याच्या एक अष्टमांश. सांगाडा झाला, पंख झाले, कापड ताणून झालं, वैमानिकाला मिशासुद्धा लावून झाल्या. अडलंय ते चाकांपाशी. बाजारात मिळतात ती प्लास्टिकची, भरीव. त्या काळच्या विमानांना सायकलसारखी चाकं असत, बारीक तारांची. भरीव चाकं लावली तर सुटाबुटातल्या माणसाने रबरी चपला घातल्यासारखं दिसेल. आमच्या प्रतिकृतीवाल्यांच्या मंडळात एक भिंगवाले आहेत. प्रत्येकाचं विमान भिंगातून बघतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"ने भल्याभल्यांनी छंद सोडला आहे. जूनमध्ये मंडळाचं प्रदर्शन आहे आणि मला ते "हं" नको आहे.

प्लायच्या पातळ पट्ट्या डब्याच्या झाकणाभोवती गुंडाळून, गोंद लावून मी चाकाची गोल कड केली. मधला तुंबा पितळी नळीचा, दोन्ही टोकांना वॉशर डाखलेले, वॉशरना बारीक भोकं. सगळं जमलं. आरे तेवढे जमत नाहीत. तार घेतली की ती वाकते, नाहीतर उसळून डोळ्यावर येते. तुमच्या बाजारात बारीक आरे मिळाले तर पाठवाल का?

चाकं झाली की येतो.

आपला,
व्याही


२७ जानेवारी

व्याहीबुवा,

सोबत आरी पाठवली आहे. दुकानात होती त्यातली सगळ्यात बारीक. विमानाला भरतकामाच्या आरीचं काय काम ते मला कळलं नाही, पण पंखांवर कापड ताणता म्हणालात, त्यात लागत असेल. वापर सोपा आहे. सुईसारखी कापडातून खाली घालायची, टोकाच्या आकड्यात दोरा अडकवायचा आणि वर ओढायचा. दोऱ्याचा फास वर येतो. आकडा नाजूक असतो, ताकद लावू नका.

चाकांची घाई करू नका. काम नीट व्हावं. शिवाय उन्हाळा तोंडावर आहे आणि खोलीचं मी सांगितलंच आहे.

अक्षर सुधारा.

विहीण


८ फेब्रुवारी

विहीणबाई!

आरी नव्हे हो, आरे! आरे! चाकाचे आरे! तुंब्यापासून कडेपर्यंत जातात ते! पाकीट उघडलं आणि मी एकटाच घरात इतका हसलो की शेजारीण विचारायला आली. माझं अक्षर वाईट आहे हे कबूल, पण मी या वयात भरतकाम शिकणार असं तुम्हाला वाटलं कसं?

आता पुढचं ऐका. ती आरी टेबलावर पडली होती. हाताला चाळा म्हणून मी ती तुंब्याच्या भोकात घातली. बरोबर गेली! आकडा पलीकडून बाहेर आला. आता आलाच आहे तर काहीतरी ओढून काढावं म्हणून मी शर्टाच्या बटणाचा लोंबता दोरा त्यात अडकवला. दोरा भोकातून सुळकन अलीकडे. मी दोऱ्याकडे बघतोय, दोरा माझ्याकडे. तारेने महिनाभर छळलं ते काम दोऱ्याने चहा निवायच्या आत केलं. बटण मात्र गेलं.

तर मी तारेचा नाद सोडला आणि दोऱ्याचे आरे ओवले. फोटो जोडला आहे. बघितलात तर तुमच्याही लक्षात येईल की चाक ओल्या पुठ्ठ्यासारखं वाकडं झालंय. पुन्हा दिसतंही खोटं. का ते कळत नाही. तुम्ही गणित शिकवत होतात, भरतकाम करता. काही सुचतं का?

आरीबद्दल आभार. तुमच्या चुकीबद्दलही.

व्याही


१९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

चूक माझी नाही, तुमच्या अक्षराची. असो.

फोटो पाहिला. दोन दोष आहेत.

तुम्ही प्रत्येक आरा कडेपासून सरळ मध्याकडे नेला आहे. मला शंका आली म्हणून मी खाली जाऊन पेपरवाल्याची सायकल वाकून पाहत होते. तो म्हणाला, "बाई, हवा भरायचीय का? मी भरतो." त्याला बाजूला केलं आणि नीट पाहिलं. एकही तार तुंब्याच्या मध्याकडे जात नाही. प्रत्येक तार तुंब्याला कडेने चाटून जाते, एक पुढच्या अंगाने, दुसरी मागच्या, आणि वाटेत त्या एकमेकींना ओलांडतात. तुम्ही त्रिज्या काढल्या आहेत. हव्यात स्पर्शिका. नववीतल्या मुलींचा हाच घोळ व्हायचा.

दुसरं, तुम्ही एका जागेपासून सुरुवात करून ओळीने ओढत गेलात. त्यामुळे चाक तिकडे झुकलं. चौकटीत कापड कधी असं ताणत नाहीत. वर ताणलं की खाली, डावीकडे ताणलं की उजवीकडे. नेहमी समोरासमोर. आणि एक आरा अलीकडच्या वॉशरमधून, त्याच्या शेजारचा पलीकडच्या. शेवटची गाठ घालेपर्यंत कशालाही पक्कं करू नका.

शर्टाचा दोरा चालणार नाही. मेण लावलेला करडा दोरा पाठवते आहे. त्याच्यावर चांदीचा रंग फासू नका, लग्नाच्या मांडवासारखं दिसेल.

दोष सांगितले म्हणून घाई आहे असं समजू नका. घाई नाही.

विहीण


१५ मार्च

विहीणबाई,

स्पर्शिका! मी चाळीस वर्षं सायकल चालवली, ती कशावर फिरते ते कधी पाहिलं नाही.

एक चाक जवळजवळ झालं. समोरासमोर ओढत गेलो तसं ते आपणहून सरळ झालं, वर्गात बाई आल्यावर पोरं होतात तसं. फोटो पाठवतो. टायर काळ्या रबरी दोरीचा आहे, टोकं तिरकी कापून चिकटवली, जोड शोधून दाखवा. भिंगवाल्यांना दाखवलं. ते "हं" म्हणाले, पण शेवटी प्रश्नचिन्ह होतं. आमच्या मंडळात ही बातमी झाली.

तरी माझं समाधान नाही. दोनतीन आरे पुन्हा ओवावे म्हणतो. मग दुसरं चाक. मुलीचा रोज फोन असतो. तिला सांगा, चाकं झाली की येतो.

व्याही


२३ मार्च

व्याहीबुवा,

फोटोतलं चाक झालेलं आहे. "जवळजवळ" म्हणजे काय राहिलं ते मला दिसलं नाही. जोडही दिसला नाही, आणि मी शोधला.

काल सूनबाईने पलंग कुठे बसेल ते बघायला माझी चौकट भिंतीला टेकवली. ती ऑफिसला गेल्यावर मी परत जागेवर आणली. आज मुलाने तेच केलं. मीही तेच केलं. या घरात सध्या एवढाच व्यायाम चालतो. मुलाने हौसेने आणलेली व्यायामाची सायकल कोठीच्या खोलीत आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात.

दुसरं चाक कुठवर आलं?

विहीण


१९ एप्रिल

विहीणबाई,

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. आधीपेक्षा बरं आहे असं तुम्ही म्हणणार, म्हणून मीच म्हणून टाकतो.

कपाटावरून विमान काढताना स्टूल सरकलं. विमान वाचलं, त्याला मी वर धरलं होतं. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आहे. शेजारीण डबा देते आणि भाषण देते. मुलीला यातलं काही सांगू नका, हात जोडून सांगतो. म्हणजे जोडता येत नाहीत, पण समजून घ्या. कळलं तर ती त्याच दिवशी येऊन मला सामानासकट उचलून नेईल.

अडचण अशी की प्रदर्शन जूनच्या सुरुवातीला आणि दुसऱ्या चाकाची नुसती कड आणि तुंबा तयार. एका हाताने आरे ओवता येत नाहीत, मी दाताने करून पाहिलं. भिंगवाल्यांसमोर एका चाकावर लंगडं विमान ठेवण्यापेक्षा मी ते कपाटावरच ठेवीन. तुम्ही ओवाल का? झालेलं चाक नमुन्याला, दुसऱ्याची कड आणि तुंबा, आणि ओवायच्या पाटाचं डाव्या हाताने काढलेलं चित्र पाठवतो आहे. तुमची आरीही पाठवतो, काम झालं की परत पाठवा. सवय झाली आहे.

व्याही


२८ एप्रिल

व्याहीबुवा,

सांगितलं. पत्र आलं त्याच दिवशी, जेवताना. मोडलेला हात आणि स्टूल हे लपवण्याचे विषय नाहीत. खोलीचं पुढे काय होणार हे मला कळत नव्हतं असं समजू नका. सूनबाई शनिवारी तुमच्याकडे येत आहे. रडली तर रडू द्या, मध्ये विनोद करू नका.

चाक ओवायला घेतलं. टेबलावर पाट ठेवला, मध्ये खिळा, कडेला खुंट्या, तुम्ही काढून पाठवलं तसं. पहिल्या दिवशी दोरा तीनदा गुंतला. दुसऱ्या दिवशी माझी लय सापडली. कडेला भोकं पाडताना खोलीत प्लायचा भुसा झाला आहे, यंत्राच्या ड्रॉवरमध्ये तुमचे जादाचे वॉशर सापडतात. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आई, तू विमान करतेयस?" मी म्हटलं, "चाक करतेय. चौकटीला हात लावू नकोस." तेव्हापासून कोणी लावलेला नाही.

आता एक प्रश्न. खरं उत्तर द्यावं.

तुमचं नमुन्याचं चाक मी भिंगाखाली धरलं. भिंग फक्त तुमच्या मंडळात असतं असं नाही. दोरा एकदा ओवलेल्या भोकाची कड धारदार राहते. माझ्या चाकाची आहे. तुमच्या चाकाच्या लाकडी कडेची भोकं झिजून गुळगुळीत झाली आहेत, एका बाजूला ओघळल्यासारखी, आणि कडेवरचा रंग सगळीकडे दोऱ्याने घासला आहे. शाळेत गणिताबरोबर शिवणाचा तासही माझ्याकडे असे, मी आयुष्यभर मुलींची शिवण उसवून पुन्हा करून घेतली. उसवलेलं मला ओळखू येतं. हे चाक मार्चमध्येच झालं होतं. तुम्ही ते ओवत होता, उसवत होता, पुन्हा ओवत होता.

का?

विहीण


६ मे

विहीणबाई,

पकडलंत.

किती वेळा उसवलं ते मोजलं नाही. सकाळी ओवायचं, बघून खूश व्हायचं, आणि मुलीचा फोन आला की संध्याकाळी उसवायचं. चाकं झाली की येतो असं मीच लिहून बसलो होतो. मग चाक होऊ देऊन कसं चालेल?

मुलगी शनिवारी येऊन गेली. रडली. मी विनोद केला नाही, तुमची आज्ञा होती. जाताना पडद्याचं भोक शिवून गेली. आता उजेड येत नाही.

तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगतो. मला इथेच मरायचंय वगैरे माझं काही नाही. संध्याकाळी घरात दुसऱ्या कुणाच्या भांड्यांचा आवाज असावा असं मलाही वाटतं. पण हात बांधलेला, काम नाही, म्हणून तुमची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. कधी येता ते कळवावं. मुलांचं म्हणणं आहे. हरकत घेतलेली नाही. खोली तापते. घाई नाही. मुलगी म्हणते "या बाबा", जावई म्हणतात "या हो". ज्यांची खोली आहे त्यांनी तेवढा शब्द कुठे लिहिलेला नाही.

रागावलो नाही, खरंच नाही. माझ्या कामाच्या खोलीत कोणी पलंग टाकायला निघालं असतं तर मी लिहिलं असतं की इथे डास आहेत, साप आहेत, छत गळतं. तुम्ही निदान हॉर्नवर थांबलात. पण बिनबोलावता बसणारा पाहुणा मी आयुष्यात झालो नाही. एकदा असं गेलं की माणूस कडेकडेनेच वावरतो. ते मला झेपणार नाही.

तुम्ही चाक करता आहात हे मात्र मी सगळ्यांना सांगितलं आहे.

व्याही


१६ मे

व्याहीबुवा,

उत्तराला उशीर झाला, कारण कपाट हलवायला माणूस मिळत नव्हता.

माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत. दुसरी कपाटामागे होती. मुलं मोठी होत असताना कधीतरी कपाट तिच्यापुढे उभं राहिलं आणि मग ती आहे हेच सगळे विसरले. मीही. ती उत्तरेची आहे. ऊन येत नाही, दिवसभर एकसारखा उजेड असतो. बारीक कामाला तसाच लागतो. पडद्याला भोक पाडावं लागणार नाही.

ठरवलं आहे ते असं. माझं यंत्र आणि चौकट पश्चिमेच्या खिडकीशी, आहे तिथेच. तुमचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी. तुमचं टेबल चार फुटांहून मोठं असेल तर कापा. पलंग या खोलीत येणार नाही. कोठीची खोली रिकामी केली आहे, व्यायामाची सायकल पेपरवाल्याला दिली. तो म्हणाला, "बाई, ही पुढे जात नाही." मी म्हटलं, "आमच्याकडेही गेली नाही." झोपायचं तिथे, काम इथे.

नियम. सोल्डरिंग मी खोलीत असेन तेव्हाच. गोंदाच्या बाटलीला झाकण. स्टुलावर चढायचं नाही, उंचावरचं मी किंवा मुलगा काढू. रेडिओ लावायचा नाही. माझ्या कात्रीने प्लाय कापलेलं आढळलं तर टेबल परत जाईल. महिन्यातल्या एका रविवारी मंडळाला जाता येईल, सकाळच्या बसची चौकशी केली आहे.

दार अरुंद आहे. विमानाच्या पंखांची लांबी कळवा.

दुसरं चाक आणि तुमचा नमुना दोन्ही वेगळ्या डबीत पाठवत आहे. नमुन्याचे आरे तुमचेच ठेवले आहेत, झिजलेली भोकं तेवढी गोंदात कालवलेल्या लाकडाच्या भुशाने बुजवली आहेत. आता उसवू नका. आरी पाकिटात आहे.

विहीण


८ जून

विहीणबाईंना नमस्कार, उजव्या हाताने. प्लास्टर निघालं. अक्षर पुन्हा बिघडलं.

पंख निघतात. चार स्क्रू आहेत. पहिल्यापासून तसेच केले होते, दार कुणाचं किती अरुंद निघेल सांगता येत नाही.

चाकं बसवली. खोलीच्या एका टोकाला जमिनीवर विमान ठेवलं आणि बोट नुसतं टेकवलं. आवाज न करता सरळ गेलं. आरे फिरताना दिसेनासे झाले, थांबताना एकेक करून परत आले. मी ते इतक्या वेळा केलं की शेजारीण म्हणाली, "आता तुम्ही बसा त्यात."

काल प्रदर्शन झालं. भिंगवाले दोन्ही चाकांपाशी वाकले. बराच वेळ वाकलेले. मग म्हणाले, "यातलं एक तुम्ही केलेलं नाही."

"कोणतं?" मी विचारलं.

"चांगलं."

मी म्हटलं, "ते आमच्या विहीणबाईंनी केलंय." तर ते म्हणाले, "त्यांना मंडळाचं सभासद करून घ्या." "हं" म्हणायचं राहूनच गेलं.

खिडकी कळली. टेबल तीन फुटांचं आहे, कापायला नको. नियम दोनदा वाचले, रेडिओवर पुढे बोलू. तुमचं पत्रही दोनदा वाचलं, पाठपोट. दुसऱ्यांदा फक्त एक शब्द शोधत होतो.

व्याही


१२ जून

व्याहीबुवा,

या.

विहीण

ता. क. येताना माझी आरी आणा. उसनी दिली होती, आहेर नव्हता.